मशीन नामांकित, नाव अनोळखी: एका जुन्या क्रोनोग्राफचं प्रकरण

हे प्रकरण कशाचं आहे

जुन्या क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळांच्या, बाजारात एक वाक्य सारखं कानावर पडतं: "आत रोलेक्स डेटोनाच्या घराण्यातलं मशीन आहे, आणि मिळालं किती स्वस्त!" पुढे त्या घड्याळाचं काय झालं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. इथे ते खरेदीपासून विक्रीपर्यंत पाहायला मिळालं, कारण घेणाऱ्या संग्राहकाने जवळपास प्रत्येक वळणावर माझं मत विचारलं आणि फोटो, पावत्या, कामाच्या नोंदी दाखवल्या.

माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. डायलवरचं नावही देत नाही. त्या कंपनीची घड्याळं बाजारात इतकी थोडी येतात की नावावरून माणूस सापडेल. किमतींचे आकडे देण्याऐवजी प्रमाण दिलं आहे. माप म्हणून त्याच काळातली, तेच मशीन असलेली, चांगल्या स्थितीतली हॉयर कॅरेरा धरली आहे. पुढे 'माप' म्हणेन तेव्हा त्या-त्या वेळचा कॅरेराचा भाव समजावा.

पार्श्वभूमी

साठच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफचं मशीन स्वतः बनवत नव्हत्या. वालझू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया असे मोजके कारखाने ते बनवायचे. बाकीचे ते विकत घ्यायचे, जुळवायचे, केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डब्यात, बसवायचे आणि डायलवर आपलं नाव छापायचे. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेली दोन सारखी मशीन दोन अगदी वेगळ्या नावांखाली विकली गेली. आज त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वालझू ७२ हे यातलं ठळक उदाहरण. १९३८ ते १९७४ या काळात ते बनलं. जॅक हॉयर यांनी १९६३ मध्ये आणलेल्या कॅरेरात, तीन छोट्या तबकड्यांच्या २४४७ या मॉडेलमध्ये, ते होतं. हाताने चावी द्यायच्या रोलेक्स डेटोनात त्याचीच सुधारलेली रूपं होती आणि ती डेटोना १९८८ पर्यंत विकली गेली. गॅले, विटनॉअर, वाकमान यांनीही तेच मशीन किंवा त्याचे भाऊबंद वापरले. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या, पुढे क्वार्ट्‌झच्या, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांच्या, लाटेत बंद पडलेल्या कितीतरी लहान कंपन्यांनीही वापरले.

मग २६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरना गेली. तसल्या डायलची डेटोना तिच्या काळात दुकानात पडून राहायची, हे लक्षात घेतलं तर बाजार किती उलटला ते कळतं. ज्यांना डेटोना परवडत नाही ते कॅरेराकडे वळले, कॅरेरा महागली तसे तिच्या खालच्या नावांकडे. युनिव्हर्सल जिनिव्हच्या कॉम्पॅक्स आणि ट्राय-कॉम्पॅक्सचंही तेच झालं. ती कंपनी २०२३ च्या अखेरीस ब्राइटलिंगने घेतली आणि तिच्या जुन्या घड्याळांकडे आणखी नजरा वळल्या.

अजूनही कमी भावात मिळणाऱ्या क्रोनोग्राफचे, माझ्या मते, दोन सरळ गट पडतात. पहिल्या गटात मशीन साधं, पण घड्याळ प्रामाणिक. लँडेरॉन ४८, व्हीनस १८८ आणि त्याच्यापासून आलेली वालझू ७७३० ची मालिका यांत स्टॉपवॉच सुरू-बंद करायला कॉलम व्हील या खांबांच्या चाकाऐवजी पत्र्यातून कापलेला कॅम असतो. रशियन पोलजोत ३१३३ देखील याच वंशातलं, वालझू ७७३४ ची यंत्रसामग्री मॉस्कोच्या कारखान्याने घेऊन बनवलेलं. या घड्याळांना उगाच कमी लेखलं जातं असं मी मानतो. कॅमचं बटण जरा कडक लागतं, पण दुरुस्त करायला ते सोपं आणि वेळ तेवढीच अचूक मोजतं. सेको ६१३९ मात्र वेगळं प्रकरण आहे. १९६९ चं हे स्वयंचलित क्रोनोग्राफ, त्यात कॉलम व्हील आणि उभा क्लच दोन्ही, आणि अंतराळवीर विल्यम पोग यांनी ते १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर हातात बांधून नेलं. एवढं असूनही त्याचा भाव बराच काळ दबलेला राहिला. आता त्याच्या नव्या नकली डायल इतक्या फिरतात की मूळ डायल ओळखणं हेच खरं काम होऊन बसलं आहे.

दुसऱ्या गटात मशीन नामांकित आणि नाव अनोळखी. आपलं घड्याळ या गटातलं. या गटाला एक धोका आहे जो पहिल्याला नाही: मशीनची किंमत पूर्ण घड्याळापेक्षा जास्त होऊन बसते. तसं झालं की घड्याळ फोडण्यातच फायदा दिसू लागतो.

घड्याळ समोर आलं

विक्रेती पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई. वडील गेल्यावर त्यांच्या वस्तू त्या एकेक करून काढत होत्या. जाहिरातीत एकच फोटो, मजकूर एवढाच: 'स्टॉपवॉच असलेलं जुनं घड्याळ, चालू आहे.' मागितलेली किंमत मापाच्या दहाव्या हिश्श्याइतकी.

फोटोत काळं डायल, त्यावर तीन चंदेरी छोट्या तबकड्या: नऊवर चालते सेकंद, तीनवर ३० मिनिटं, सहावर १२ तास. कडेला वेग मोजायची टॅकीमीटर पट्टी. बाजूला गोल डोक्याचे पंप पुशर, म्हणजे स्टॉपवॉचची बटणं. ही मांडणी वालझू ७२ ची असते, पण व्हीनस १७८ ची आणि कॅमवाल्या वालझू ७७३६ चीही असते. नुसत्या समोरच्या फोटोवरून आतलं मशीन छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. लँडेरॉन ४८ चं कुटुंब तेवढं बटणांवरून ओळखू येतं, कारण त्यात वरच्या बटणाने फक्त सुरू होतं आणि थांबवणं, शून्यावर आणणं ही दोन्ही कामं खालच्या बटणाकडे असतात. इतरांत वरचं बटण सुरू-बंद करतं.

संग्राहकाने पहिल्या फोनवर हेच विचारलं: वरचं बटण दोनदा दाबलं तर मधला लांब काटा थांबतो का? थांबत होता. खालचं बटण दाबल्यावर तो शून्यावर जातो का? बाई म्हणाल्या, "जातो, पण बरोबर बारावर नाही थांबत, थोडा पुढे जातो."

हे उत्तर किमती होतं. काटा दर वेळी तेवढ्याच अंतराने चुकत असेल तर बहुधा काटा त्याच्या दांडीवर सरकलेला असतो किंवा चुकीचा बसवलेला असतो. दर वेळी वेगवेगळा चुकत असेल तर हातोडी आणि हृदयाच्या आकाराचा कॅम यांच्यात झीज किंवा घाण असण्याची शक्यता वाढते. बाईंनी फोनवरच पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. काटा दर वेळी तिथेच थांबत होता.

अडचण

संग्राहकापुढे प्रश्न तीन होते, आणि ते एकमेकांत अडकलेले होते. घड्याळ दिसतं तसं आहे का? असेल तर त्याचा योग्य भाव काय? आणि त्यातलं बाईंना किती सांगायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाकण उघडल्याशिवाय मिळणार नव्हतं. झाकण उघडायचं म्हणजे बाईंची परवानगी हवी, आणि 'आत काय आहे ते पाहायचंय' असं म्हणताच तिसरा प्रश्न टाळता येत नाही. बरेच जण इथे सोपा मार्ग धरतात: मागितलेले पैसे द्यायचे, घरी येऊन उघडायचं. कॅम निघाला तरी नुकसान बेताचं, ७२ निघालं तर लॉटरी.

मी संग्राहकाला सांगितलं की हा मार्ग पैशाच्या हिशोबानेही कच्चा आहे. या घड्याळाची अर्धी किंमत त्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बाईंच्या डोक्यात आणि वडिलांच्या कपाटात आहे. घाईने व्यवहार उरकून निघून गेलेल्या माणसाला त्या कपाट पुन्हा उघडून दाखवणार नाहीत.

झाकण उघडल्यावर

भेट एका घड्याळदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे ठरली, बाईंच्या समोर. झाकण आट्यांचं होतं, खाचा स्वच्छ. ही पहिली चांगली खूण. चुकीच्या हत्याराने वर्षानुवर्षं उघडलेल्या झाकणावर ओरखडे असतात.

मागे-पुढे झुलणाऱ्या बॅलन्स व्हीलच्या खाली, मुख्य प्लेटवर, भिंग धरल्यावर ७२ हा आकडा आणि कारखान्याचा शिक्का दिसला. कॉलम व्हील जागेवर होतं, छोटे उभे खांब असलेलं चाक, बटण दाबलं की एक टप्पा फिरणारं. खांबांच्या कडा धारदार होत्या. त्यांना गोलाई आलेली असती तर बटणं सुस्त लागली असती आणि तो भाग शोधणं अवघड गेलं असतं. स्क्रूंच्या खाचा मात्र दोन ठिकाणी खराब होत्या, म्हणजे कोणीतरी जोर लावला होता.

केस जाड राहिली होती. लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, वरच्या कडेला कारखान्यात काढलेली तिरपी धार असते, ती चारही लगवर दिसत होती. पॉलिशच्या चाकावर दोनदा घातलेल्या केसवर ही धार सर्वांत आधी जाते, आणि गेलेली धातू परत येत नाही.

डायलवर वेळ घालवला. अक्षरांच्या कडा, छोट्या तबकड्यांमधल्या रेषा, सेकंदांच्या खुणांचा एकसारखेपणा. पुन्हा रंगवलेल्या डायलमध्ये बारीक रेषा जाड होतात, अक्षरं तबकडीच्या कडेला खेटतात किंवा तिच्या खाली गेल्यासारखी दिसतात. इथे तसं काही नव्हतं. तळाशी 'टी स्विस मेड टी' छापलेलं, म्हणजे चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ. ट्रिटियमचं अर्धआयुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास. साठ वर्षांनी त्याची मूळ ताकद साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी उरते. असा रंग अंधारात आपोआप चमकत नाही, आणि यूव्ही टॉर्च मारून बंद केली की दोन-तीन क्षणांत विझतो.

डायलवरचे ठिपके तसेच विझले. मिनिटकाटाही. तासकाटा चमकत राहिला, हिरवट, ठसठशीत. त्यात नवा रंग भरलेला होता. उजेडात नीट पाहिलं तर तो बाकीच्या मोहरीच्या रंगापेक्षा फिका दिसतही होता, पण टॉर्चशिवाय ते नजरेतून सुटलं असतं.

बाईंना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं. "मी कॉलेजात होते. बाबांच्या हातून घड्याळ पडलं, काच फुटली. त्यांनी दुरुस्त करून आणलं होतं." जुना ठिसूळ रंग धक्क्याने गळून पडतो, त्यामुळे गोष्ट जुळत होती. काटा मूळचा, रंग दुरुस्तीचा.

कोणते पर्याय होते

आता सगळ्यांसमोर चित्र स्पष्ट होतं, आणि बाईंनीच सरळ विचारलं, "म्हणजे याची किंमत मी सांगितली त्यापेक्षा जास्त आहे ना?"

संग्राहक गप्प राहू शकला असता; जाहिरातीतली किंमत बाईंनीच ठरवलेली होती. तो निघून जाऊ शकला असता. त्यांना घड्याळ लिलावात पाठवा असंही सुचवू शकला असता. लिलावाचा पर्याय त्याने खरोखर मांडला, आणि त्याच्या अडचणीही: विक्रेत्याकडून कापलं जाणारं कमिशन, महिनोन्‌महिन्यांची वाट, आणि छोट्या नावाचं घड्याळ मोठ्या नावांच्या यादीत हरवण्याची शक्यता. शिवाय बिघडलेलं क्रोनोग्राफ लिलावात खाली जातं. दुरुस्त करून पाठवायचं तर खर्च आधी बाईंनी करायचा.

मग त्याने आपला हिशोब उघड केला. सर्व्हिस झालेलं, मूळ डायलचं असं घड्याळ त्याच्या अंदाजाने मापाच्या ३५ ते ४० टक्के जाईल. त्यातून दुरुस्तीचा खर्च, सुटे भाग न मिळण्याचा धोका आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत अडकणारे पैसे वजा करायचे. तो २० टक्के देऊ शकत होता, म्हणजे जाहिरातीच्या दुप्पट.

हा आकडा न्याय्य होता का, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या मते तो गरजेपेक्षा जास्त होता. मला तो ठीक वाटला, कारण वजा केलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण बाईंसमोर मांडलेलं होतं आणि त्यांना नाही म्हणायला वाव होता. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, घरी विचारलं आणि होकार दिला.

होकारासोबत एक लिफाफा आला. त्यात त्या दुरुस्तीची पावती, झाकणाच्या आतला क्रमांक लिहिलेली, आणि वडिलांचा एक फोटो, शर्टाची बाही दुमडलेली, मनगटावर हेच घड्याळ. फोटोत तिन्ही चंदेरी तबकड्या ओळखू येतात. हे कागद विक्रीच्या वेळी किती कामाला आले ते पुढे सांगतो.

मशीन विकत मागणारा

खरेदीची बातमी फुटायला वेळ लागला नाही. सुट्या भागांचा व्यवहार करणाऱ्या एकाने संग्राहकाला गाठलं. त्याला फक्त मशीन हवं होतं: "डायल, केस, काटे तुमचे तुमच्याकडेच ठेवा." भाव होता संग्राहकाने पूर्ण घड्याळाला मोजलेल्या पैशांपेक्षा थोडा जास्त. म्हणजे मशीन देऊन टाकलं तर डायल आणि केस फुकटात पडणार, आणि ती सुटी विकून वर नफा.

प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हा होता, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. वालझू ७२ चे भाग आता नव्याने कारखान्यातून येत नाहीत. एखाद्या अस्सल महागड्या घड्याळाची कॉलम व्हीलची तरफ तुटली तर ती दुसऱ्या मशीनमधूनच काढावी लागते. त्यामुळे सुट्या मशीनचा व्यापार मुळात वाईट नाही. त्याच्यामुळे कितीतरी घड्याळं चालू आहेत. गंजलेलं, डायल खराब झालेलं, केस झिजलेलं घड्याळ अशा कामासाठी वापरायला माझी हरकत नाही.

पण त्याच वाटेने फ्रँकन घड्याळंही बनतात: इथून मशीन, तिथून केस, तिसरीकडून डायल, आणि वर मोठं नाव. हे फक्त छोट्या बाजारात होतं असं समजू नये. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगाच होती. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या सुट्या भागांतून जुळवलेलं होतं. बनवणाऱ्या कंपनीलाही चकवता येतं, तर घरबसल्या फोटो पाहून घेणाऱ्याचं काय?

संग्राहकाने मशीन दिलं नाही. त्याने दिलेलं कारण मला महत्त्वाचं वाटतं. त्या छोट्या कंपनीची काळ्या डायलची, मूळ मशीनसह शाबूत घड्याळं आधीच मोजकी उरली आहेत. मशीन काढलं की राहिलेली केस आणि डायल पुन्हा कधी घड्याळ होणार नाही, कारण तेवढ्या महाग मशीनमध्ये पैसे घालून छोटं नाव कोणी जिवंत करत नाही. मोठ्या नावाच्या घड्याळाला दुसरं मशीन मिळेल. याला मिळणार नाही.

दुरुस्ती

इथेही तीन वाटा होत्या. काहीच न करता ठेवायचं. फक्त मशीनचं काम करायचं. किंवा सगळं नव्यासारखं करायचं, म्हणजे केस पॉलिश, डायल साफ, काट्यांत सारखा रंग. तिसरी वाट नवख्यांना भुरळ घालते आणि घड्याळाची किंमत तीच सर्वांत जास्त खाते. ती बाद झाली. काहीच न करणंही बाद झालं: जुनं तेल चिकट झालं की कोरड्या टोकांवर मशीन चालत राहतं आणि झिजतं. टाइमग्राफर या घड्याळ तपासायच्या यंत्रावर पूर्ण चावी दिल्यावरही बॅलन्सचा झोका २०० अंशांच्या खाली होता.

काम दुसऱ्या कारागिराकडे दिलं, ज्याला या मशीनचा सराव होता. लेखी सूचना: केसला पॉलिश नाही, डायलला हात नाही, काट्यांचा रंग बदलायचा नाही.

मशीन पूर्ण उघडलं, धुतलं, कमान बदलली. क्लचची, म्हणजे स्टॉपवॉचला मशीनशी जोडणाऱ्या चाकाची, खोली पुन्हा लावली. आडव्या क्लचच्या क्रोनोग्राफमध्ये हे नाजूक काम असतं. दात कमी गुंतले तर लांब काटा अडखळतो, जास्त गुंतले तर बॅलन्सचा दम जातो. हे सगळं एक्सेंट्रिक स्क्रूने, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या डोक्याच्या स्क्रूने, किंचित इकडे-तिकडे करून लावायचं असतं. शून्यावर न येणाऱ्या काट्याचं निदान फोनवरचंच निघालं: काटा दांडीवर फिरला होता. त्याची नळी सैल झालेली, कारण प्रत्येक वेळी काटा काढला-घातला की नळी किंचित पसरते. कारागिराने ती अलगद आवळली आणि काटा पुन्हा बसवला. काम संपल्यावर झोका २७० च्या आसपास आला. क्रोनोग्राफ चालू केल्यावर तो थोडा उतरतो, तसा इथेही उतरला, आणि तेवढा उतरणं ठीक असतं.

तासकाट्याचं काय करायचं, यावर संग्राहक आणि कारागिरात बराच वेळ चर्चा झाली. नवा रंग खरवडून मिनिटकाट्याशी जुळणारा जुनाट रंग भरता येतो. दिसायला छान, पण मग पुढच्या माणसाला यूव्ही टॉर्चनेच कळेल की काहीतरी लपवलंय. दुसरा मूळ काटा शोधणं हा पर्याय होता. तसा मिळाला नाही. शेवटी तो आहे तसा ठेवून नोंद करायची ठरली. पावती हाती असल्यामुळे हा निर्णय सोपा झाला: रंग कधी आणि का बदलला, हे दाखवता येत होतं.

एक गोष्ट मात्र बिघडली. घड्याळ परत आलं तेव्हा काच नवी होती, ती सांगूनच बदललेली. पण चावी द्यायचा क्राऊनही बदललेला होता. मूळ क्राऊनवर कंपनीचं चिन्ह होतं, आतला रबराचा गॅस्केट दगडासारखा झाला होता, म्हणून कारागिराने साधा नवा क्राऊन लावला आणि जुना टाकून दिला. त्याच्या दृष्टीने हे चांगलं काम होतं: घड्याळात दमट हवा जायला नको. लेखी सूचनेत क्राऊनचा उल्लेखच नव्हता. चिन्ह असलेला तसाच क्राऊन मिळवायला संग्राहकाला कित्येक महिने लागले, आणि त्याची किंमत सर्व्हिसच्या निम्म्याला गेली.

शेवटी काय झालं

खरेदी, सर्व्हिस, काच आणि क्राऊन मिळून खर्च मापाच्या २६ टक्क्यांपर्यंत पोहोचला. संग्राहकाने घड्याळ काही काळ वापरलं, मग संग्रह कमी करताना विकायला काढलं. तोवर २०२२ च्या वसंतानंतरची घसरण सुरू झालेली होती आणि जुन्या घड्याळांचे भाव एकूणच खाली आले होते. सामान्य खरेदीदारांचे प्रस्ताव निराशाजनक आले. बहुतेकांनी डायलवरचं नाव पाहूनच बोलणी थांबवली.

घेतलं ते त्याच छोट्या कंपनीची घड्याळं जमवणाऱ्या एकाने, ४१ टक्क्यांना. त्याने मशीनबद्दल एकच प्रश्न विचारला आणि कागदांबद्दल कितीतरी. पावतीवरचा क्रमांक झाकणाशी जुळवला, वडिलांच्या फोटोतल्या तबकड्या भिंगाखाली पाहिल्या, सर्व्हिसआधीचे आणि नंतरचे फोटो मागितले. तासकाट्याची नोंद वाचून तो म्हणाला, "हे आधीच सांगितलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास ठेवतो." संग्राहकाचा निव्वळ फायदा मापाच्या पंधरा टक्के. मशीन आणि बाकीचे भाग वेगवेगळे विकले असते तर माझ्या अंदाजाने थोडा जास्त झाला असता.

वेगळं काय करता आलं असतं

क्राऊनचं नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं होतं. सूचनेत काय करायचं नाही ते लिहिलं होतं, पण 'काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत द्यावा' हे एक वाक्य राहिलं. कोणत्याही जुन्या घड्याळाच्या सर्व्हिससाठी मी आता हे वाक्य सर्वांत वर लिहायला सांगतो. क्राऊन, पुशर, कमान, काच, अगदी खराब स्क्रूसुद्धा. गॅस्केटचाच प्रश्न होता, तर मूळ क्राऊनमध्ये नवा गॅस्केट बसवता येतो का हे आधी विचारायला हवं होतं. नसता बसला तर मूळ क्राऊन पाकिटात ठेवून साधा क्राऊन वापरता आला असता.

फोटोंचीही अडचण झाली. सर्व्हिसआधीचे फोटो खिडकीच्या उजेडात, नंतरचे दिव्याखाली काढलेले. डायलचा रंग दोन्हींत वेगळा दिसतो, आणि खरेदीदाराला 'डायल धुतलं का?' अशी शंका आली. दोन्ही वेळा तोच उजेड, तेच अंतर, शेजारी मोजपट्टी ठेवली असती तर तो प्रश्न उद्भवलाच नसता.

विक्रीची दिशाही सुरुवातीला चुकली. 'वालझू ७२' हे शब्द जाहिरातीत सर्वांत मोठे होते, आणि त्यामुळे येणारे बहुतेक फोन मशीन हवं असणाऱ्यांचे होते. जाहिरात बदलून कंपनीचं नाव, मॉडेल आणि मूळ डायल पुढे आणलं तेव्हा योग्य माणूस आला. नाव छोटं असलं तरी ते शोधणारे लोक असतात. थोडे, पण जाणते, आणि वाटाघाटीत घासाघीस कमी करणारे.

बाईंना दिलेल्या किमतीबद्दल संग्राहकाने नंतर मला विचारलं की जास्त द्यायला हवे होते का. अंतिम विक्री ४१ वर झाली हे कळल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. पण त्यातला मोठा भाग दुरुस्तीनंतरच्या स्थितीचा आणि लिफाफ्यातल्या कागदांचा आहे. कागद बाईंकडून आले, ही गोष्ट मात्र खरी. पुढच्या वेळी तो खरेदीच्या करारात एक ओळ घालणार आहे: ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावापेक्षा वर विकलं गेलं तर वरच्या रकमेतला काही हिस्सा मूळ कुटुंबाला. व्यापारात अशी अट नवी नाही, आणि खाजगी व्यवहारात ती का नसावी याचं पटणारं कारण मला अजून सापडलेलं नाही.

नव्या मालकाला नंतर एका जुन्या साठ्यात त्याच मॉडेलचा, मूळ रंग शाबूत असलेला तासकाटा सापडला. तो बसवायचा की दुरुस्तीचा काटाच ठेवायचा, यावर तो संग्राहकाशी बोलला. माझं मत काटा न बदलण्याच्या बाजूने आहे: पावती या काट्याची आहे, आणि सापडलेला काटा दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळातून निघालेला. त्याने तो विकत घेऊन झाकणाच्या क्रमांकासह पाकिटात ठेवला आहे. पुढच्या सर्व्हिसपर्यंत निर्णय घ्यायची घाई नाही.